जन्मजात एपुलिस

जन्मजात एपुलिस हे नवजात अर्भकाच्या हिरडीवर आढळणारे एक दुर्मिळ व सौम्य अर्बुद होय. ते जन्मतःच असते, जन्मानंतर वाढत नाही, शरीरात अन्यत्र पसरत नाही आणि काढून टाकल्यावर पुन्हा उद्भवत नाही. असे असूनही बाळाच्या ओठांबाहेर डोकावणारा गुलाबी-लाल गोळा पाहून घरची माणसे हादरून जातात. आणि गोळा मोठा असेल तर बाळाला अंगावर पिता येत नाही, ही अडचण तर काल्पनिक नसते. हे अर्बुद बहुधा वरच्या जबड्याच्या पुढील भागात येते व मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी अधिक प्रमाणात आढळते. प्रस्तुत लेखात या अर्बुदाबरोबरच त्याच्याशी गल्लत होणाऱ्या, नवजात बाळाच्या तोंडातील इतर गाठींचा, तसेच पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगरी तालुक्यांतून उपचारापर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा विचार केला आहे.

नाव आणि इतिहास

‘एपुलिस’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला आहे. ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘ऊलोन’ म्हणजे हिरडी. हिरडीवर जे आहे ते एपुलिस, एवढाच त्याचा अर्थ. हा शब्द गाठीची जागा सांगतो, तिची जात सांगत नाही. त्यामुळे प्रौढांच्या हिरडीवर येणाऱ्या, अगदी वेगळ्या कारणांनी होणाऱ्या गाठींनाही एपुलिस म्हणतात. गरोदरपणात काही स्त्रियांच्या हिरडीवर येणारी, सहज रक्त येणारी लाल गाठ हे त्याचे परिचित उदाहरण. नवजात बाळाच्या गाठीचा या गाठींशी नावापलीकडे संबंध नाही. म्हणूनच ‘जन्मजात’ हे विशेषण येथे शोभेचे नसून आवश्यक आहे.

मराठीत या विकारासाठी स्वतंत्र शब्द रूढ झालेला नाही. ‘अर्बुद’ हा शब्द मात्र जुना आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट दिली असून त्यांची विभागणी ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण मुख अशी स्थानांनुसार केली आहे. टाळूच्या रोगांत तेथे अर्बुदाचाही उल्लेख येतो. अर्थात त्या ग्रंथातील वर्णने प्रामुख्याने मोठ्या माणसांच्या आजारांची आहेत. त्यांत आजच्या एपुलिसचा शोध घेणे ओढाताणीचे होईल.

आधुनिक वैद्यकात या अर्बुदाचे पहिले वर्णन १८७१ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट नॉयमान यांनी केले. ते त्या वेळी क्योनिग्सबर्ग येथे प्राध्यापक होते. हे शहर आज रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राद आहे. रक्तातील पेशी अस्थिमज्जेत तयार होतात हे १८६८ मध्ये दाखवून देणारे नॉयमान हेच. त्या मोठ्या शोधापुढे नवजात अर्भकाच्या हिरडीवरील गाठीचे वर्णन ही किरकोळ नोंद वाटावी. पण गाठीला आजही ‘नॉयमानचे अर्बुद’ असे पर्यायी नाव आहे. पुढे १९२६ साली रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी अब्रिकोसोव्ह यांनी प्रौढांत आढळणाऱ्या, कणमय पेशींच्या अर्बुदाचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही अर्बुदे इतकी सारखी दिसतात की, ती एकच असावीत असा समज बराच काळ होता. हा समज का सुटला, ते पुढे येईल.

स्वरूप

जन्मजात एपुलिस गुळगुळीत पृष्ठभागाचे, गोलसर वा लंबगोल, कधी अनेक उंचवटे असलेले असते. रंग हिरडीसारखा गुलाबी किंवा थोडा अधिक लाल असतो. ते बहुतेक वेळा देठाने हिरडीला जोडलेले असते, क्वचित रुंद बुडाचे असते. बोटाने हलविले असता देठावर हलते. हाताला ते घट्ट पण रबरासारखे लागते. आकार काही मिलिमीटरपासून कित्येक सेंटिमीटरपर्यंत असू शकतो. नऊ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींची नोंद आहे, पण बहुसंख्य गाठी दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे बोराएवढ्या असतात.

वरच्या जबड्यात ते खालच्या जबड्याच्या दोन ते तीन पट अधिक वेळा येते. नेमकी जागा बहुधा पुढे सुळा व त्याच्या शेजारचा पटाशीचा दात जेथे येणार असतो तेथे, मध्यरेषेपासून जरा बाजूला असते. दहांतील सुमारे एका बाळामध्ये एकाहून अधिक गाठी असतात. मुली व मुलगे यांचे प्रमाण आठास एक ते दहास एक असे दिले जाते. एवढी तफावत दिसल्यावर स्त्रीसंप्रेरकांचा संशय येणे साहजिक होते. आईच्या शरीरातील संप्रेरकांमुळे गाठ गर्भाशयात वाढते आणि जन्मानंतर तो पुरवठा तुटल्याने वाढ थांबते, अशी ती उपपत्ती. ती ऐकायला समाधानकारक वाटते. परंतु या गाठींच्या पेशींत त्या संप्रेरकांना ग्रहण करणारे घटक शोधले असता ते सहसा सापडलेले नाहीत. त्यामुळे मुलींमधील आधिक्याचे कारण अद्याप उलगडलेले नाही, असेच म्हणावे लागते. हा विकार आनुवंशिक असल्याचे दिसत नाही. एका बाळाला झाला म्हणून पुढच्या बाळाला होईल, असे मानण्यास आधार नाही.

गाठीचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास मोठ्या, बहुकोनी पेशी दाटीवाटीने बसलेल्या दिसतात. त्यांचा आतील भाग बारीक कणांनी भरलेला असतो आणि नेहमीच्या रंजकाने तो गुलाबी दिसतो. पेशींच्या मधून केशवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. गाठ कापताना रक्त येते ते त्यामुळे. वरचे आवरण ताणून पातळ झालेले असते. अब्रिकोसोव्ह यांच्या अर्बुदावरील आवरण याउलट जाड होऊन खाली मुळ्यांसारखे उतरलेले असते. दुसरा फरक अधिक निर्णायक आहे. ‘एस-१००’ नावाच्या प्रथिनाची चाचणी प्रौढांच्या अर्बुदात सकारात्मक येते, कारण त्याचा उगम चेतातंतूंच्या आवरणातील पेशींत असतो. नवजात बाळाच्या एपुलिसमध्ये ती नकारात्मक येते. चेहरा सारखा, घराणे वेगळे, असा हा प्रकार आहे.

किती दुर्मिळ?

वैद्यकीय लेखांत वारंवार दिला जाणारा आकडा दहा लाख जन्मांमागे सुमारे सहा असा आहे. हा आकडा मर्यादित नोंदींवरून आलेला असल्याने त्याकडे अंदाज म्हणूनच पाहावे. तरीही त्यावरून थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्राची लोकसंख्या साडेबारा कोटी आणि जन्मदर हजारी पंधरा धरला, तर राज्यात वर्षाकाठी सुमारे एकोणीस लाख बाळे जन्मतात. त्यांत असे अर्बुद असलेली बाळे दहा-बारा असावीत. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्हे तालुक्याची सुमारे ५४ हजार होती. दोन्ही मिळून वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास जन्म धरले, तर या संपूर्ण प्रदेशात असे एक बाळ चाळीस-पन्नास वर्षांतून एकदा जन्मावे.

या गणिताचा अर्थ असा की, भोर किंवा वेल्ह्यातील एखादी परिचारिका वा आशाताई आपल्या संपूर्ण सेवाकाळात असे बाळ कदाचित एकदाही पाहणार नाही. जे आयुष्यात एकदाच दिसायचे, त्याची ओळख अनुभवाने होऊ शकत नाही. ती वाचून वा ऐकूनच व्हावी लागते. शिवाय तोंडातील इतर, कितीतरी अधिक सामान्य गाठी त्याच जागी दिसत असतात.

गल्लत होण्याजोग्या इतर गाठी

नवजात बाळाच्या तोंडात सर्वांत जास्त वेळा दिसतात ते मोहरीएवढे पांढरे दाणे. टाळूच्या मध्यरेषेवर असतील तर त्यांना एप्स्टाइनचे मोती म्हणतात. हिरड्यांच्या बाजूंवर वा टाळूच्या कडेला असतात ते बोनचे दाणे. हिरडीच्या माथ्यावरचे दाणे दात घडविणाऱ्या ऊतकाच्या अवशेषांतून आलेले असतात. एप्स्टाइन आणि बोन हे दोघेही एकोणिसाव्या शतकातील बालरोगवैद्य होते. निम्म्याहून अधिक बाळांत असे दाणे सापडतात, म्हणजे यांना विकार म्हणणेही अतिशयोक्तीचे आहे. केराटिन नावाच्या, त्वचेच्या वरच्या थरात असणाऱ्या द्रव्याने भरलेल्या त्या बारीक पिशव्या असतात आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप फुटून नाहीशा होतात. घरात मात्र त्यांना दात समजतात, कोणी ‘तोंड आले’ म्हणतात, आणि मग फडक्याने खरवडणे, नखाने फोडणे, त्यावर मध किंवा काही उगाळून लावणे असे उपाय सुरू होतात. नवजात बाळाच्या तोंडाची त्वचा इतकी नाजूक असते की, या उपायांनी जंतुसंसर्गाला वाट मिळते. मध तर एक वर्षापर्यंत बाळाला देऊच नये. त्यातील विशिष्ट जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

यानंतर येतात ते जन्मतः असलेले दात. साधारण दोन ते तीन हजार जन्मांत एक बाळ असे असते, म्हणजे भोर-वेल्ह्यात दरवर्षी एखादे. हे दात बहुधा खालच्या जबड्याच्या मध्यभागी असतात आणि दहांतील नऊ वेळा ते जादा दात नसून वेळेआधी उगवलेले दुधाचेच दात असतात. त्यांचे मूळ पुरते तयार झालेले नसल्याने ते हलतात. फार हलत असतील तर ते सुटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून दंतवैद्य ते काढतात. घट्ट असतील तर राहू देतात. दातांच्या धारेने जिभेच्या खालच्या बाजूस जखम होते, तिला रीगा आणि फेदे या दोन इटालियन वैद्यांची नावे मिळाली आहेत. दातांसह जन्मलेले मूल घराला अशुभ, हा समज जुना आहे. काश्यपसंहितेत दात येण्याविषयी स्वतंत्र अध्याय असून तेथेही दातांसह जन्म शुभ मानलेला नाही. प्राचीन ग्रंथकारांनी असे जन्म पाहिले होते आणि ते नोंदविण्याइतके त्यांना महत्त्वाचे वाटले, एवढे यातून घेता येते. अपशकुनाचा भाग सोडून द्यावा.

रक्तवाहिन्यांची गाठ म्हणजे हेमँजिओमा. ती जन्माच्या वेळी सहसा दिसत नाही वा पुसट असते, पहिल्या काही आठवड्यांत उमटते, काही महिने वाढते आणि मग वर्षानुवर्षे हळूहळू ओसरते. एपुलिसशी तिचा मुख्य भेद हा काळाचा आहे. मूळचे हृदयविकाराचे औषध असलेल्या प्रोप्रॅनोलॉलने या गाठी आक्रसतात, हे २००८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांच्या ध्यानात आले आणि तेव्हापासून अनेक बाळांची शस्त्रक्रिया टळली. जिभेखाली निळसर, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी दिसते ती लाळग्रंथीची गाठ.

खरोखर सावध राहावे असे तीन प्रकार आहेत. एक, टाळूतून निघून तोंडाबाहेर येणारे टेराटोमा जातीचे अर्बुद. ते फार मोठे होऊन श्वास कोंडू शकते आणि त्यात त्वचा, केस, हाड असे अनेक ऊतकांचे अंश असू शकतात. दोन, वरच्या जबड्यात पहिल्या वर्षात उगवणारे निळसर-काळपट रंगाचे अर्बुद. हे झपाट्याने वाढते, हाड पोखरते, दातांचे अंकुर सरकवते आणि काढल्यावरही काही बाळांत परत येते. तीन, कवटीच्या तळाशी फट राहून तिच्यातून तोंडात वा नाकात उतरलेला मेंदूच्या आवरणाचा फुगा. हा वरून साध्या गाठीसारखा दिसतो, पण त्याला सुई लावली तर मेंदूभोवतीचे पाणी वाहू लागते आणि जंतूंना थेट मेंदूचा रस्ता मिळतो. तोंडातील कोणतीही गाठ तपासणीआधी टोचू वा बांधू नये, या सूचनेमागे मुख्यतः हे तिसरे कारण आहे. देठ बारीक दिसतो म्हणून दोरा आवळून गाठ पाडण्याचा मोह होतो. परंतु केशवाहिन्यांनी भरलेल्या एपुलिसच्या बाबतीतही त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, आणि तुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो.

तोंडात वाढणारी मारक अर्बुदे नवजात बाळांत अतिशय क्वचित असतात. जी गाठ जन्मानंतर दिवसागणिक वाढते, जिचा रंग काळपट आहे, किंवा जी हिरडीऐवजी टाळूतून वा जिभेतून आली आहे, तिला एपुलिस समजून स्वस्थ बसू नये.

बाळाचे पिणे आणि श्वास

जन्मजात एपुलिसचा खरा त्रास येथे सुरू होतो. बाळ आईच्या अंगावर पिते तेव्हा ते स्तनाग्राबरोबर भोवतालचा काळा भागही तोंडात घेते, ओठांनी घट्ट पकड करते आणि जिभेने टाळूवर दाबून दूध काढते. वरच्या हिरडीवर बोराएवढा गोळा असेल तर ओठ मिटत नाहीत, पकड सुटते, हवा आत जाते. बाळ दोन घोट पिते, रडते, थकून झोपते. दोन-तीन दिवसांत वजन प्रमाणाबाहेर उतरते, लघवी कमी होते, कावीळ वाढते. गाठ सौम्य असूनही बाळ धोक्यात येते ते उपासमारीमुळे.

यावर तात्पुरता उपाय साधा आहे. आईने दूध हाताने पिळून स्वच्छ वाटीत काढावे आणि बाळाला थोडे उठते धरून वाटी-चमच्याने, घोट-घोट, दर दोन-तीन तासांनी पाजावे. रात्रीही पाजावे. त्यायोगे आईचे दूधही टिकते. शस्त्रक्रियेनंतर बाळ अंगावर येईल तेव्हा ते हवे असते. बाटलीचा फारसा उपयोग होत नाही, कारण बाटलीची बोंडी धरण्यातही तीच अडचण येते. गाठ फार मोठी असल्यास रुग्णालयात नाकातून जठरात बारीक नळी घालून दूध देतात.

श्वासाचे म्हणाल तर नवजात बाळे मुख्यत्वे नाकाने श्वास घेतात, म्हणून तोंड बरेचसे भरले तरी बहुधा निभावते. मात्र गाठ मागे वळून घशावर येत असेल, दूध पिताना बाळ निळे पडत असेल, श्वासाबरोबर छाती आत ओढली जात असेल किंवा घरघर येत असेल, तर तेथे दिवस मोजण्याची वेळ नसते.

जन्मापूर्वी निदान

मोठी गाठ गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत सोनोग्राफीत दिसू शकते. त्याआधीच्या तपासणीत ती बहुधा दिसत नाही, कारण ती वाढते उशिरा. पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी ‘सर्व ठीक’ आली असताना बाळ गाठीसह जन्मले, तर तपासणाऱ्याचा हलगर्जीपणा मानण्याची घाई करू नये. गर्भ पोटात असताना भोवतालचे पाणी गिळत असतो. गाठीमुळे गिळणे अडले तर गर्भाशयात पाणी प्रमाणाबाहेर साठते, आणि तीच कधी पहिली खूण ठरते. गाठीने श्वासमार्ग अडण्याची भीती असेल तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयात योजतात. अगदी मोजक्या प्रसंगी सिझेरियन करताना बाळाचे डोके बाहेर काढून, नाळ व वार यांचा पुरवठा चालू असतानाच श्वासनलिकेत नळी घालतात.

उपचार

लहान, देठाची आणि पिण्यास अडथळा न करणारी गाठ तशीच ठेवून पाहता येते. जन्मानंतर ती वाढत नाही. काही गाठी महिन्या-महिन्याने आक्रसून दिसेनाशा झाल्याच्या नोंदी आहेत. पण त्यासाठी निदान पक्के हवे आणि बाळाचे वजन वाढत असले पाहिजे.

मोठी गाठ शस्त्रक्रियेने काढतात. देठ हिरडीलगत कापून रक्तवाहिन्या विजेच्या उष्णतेने बंद करतात व गरजेप्रमाणे एखादा विरघळणारा टाका घालतात. सामान्यतः संपूर्ण भूल देतात. देठ बारीक असल्यास जागा बधिर करूनही काम भागते. कापणे काही मिनिटांचे असते, खरी कसोटी भूलतज्ज्ञाची. तोंड गाठीने भरलेले असताना तीन किलोंच्या बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालणे सोपे नसते, म्हणून ही शस्त्रक्रिया नवजात बालकांची सवय असलेल्या चमूकडेच व्हावी. त्याआधी बाळाला जन्मताच ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिळाले आहे ना, हे डॉक्टर पाहतात. रक्त गोठण्यासाठी ते लागते आणि नवजात बाळाच्या शरीरात त्याचा साठा फार कमी असतो. म्हणून प्रसूती झालेल्या ठिकाणची कागदपत्रे आणि माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर नेणे हे वरवर किरकोळ वाटणारे काम महत्त्वाचे ठरते.

गाठ आजूबाजूच्या हिरडीसकट खोलवर काढण्याची गरज नसते. काही अंश राहिला तरी ती परत येत नाही, आणि अधिक खोल गेल्यास खालच्या दातांच्या अंकुरांना इजा होण्याचा संभव असतो. काढलेला गोळा तपासणीसाठी पाठविणे मात्र टाळू नये. निदान निश्चित होते ते त्यानेच. बहुतेक बाळे त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी अंगावर पिऊ लागतात. पालकांना हा पालट फार मोठा वाटतो.

भोर व वेल्हे परिसर

भोर हे पूर्वी पंत सचिवांच्या संस्थानाचे गाव. वेल्हे तालुका तोरणा व राजगड या किल्ल्यांचा, आणि आता त्याला राजगड हेच नाव देण्यात आले आहे. सह्याद्रीच्या धारेला लागून असलेल्या या दोन्ही तालुक्यांत भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशी धरणे आहेत. त्यांच्या फुगवट्याच्या काठाने आणि घाटमाथ्यावर लहान-लहान वाड्या व धनगरवस्त्या विखुरलेल्या आहेत. वरंध घाटाच्या बाजूची हिर्डोशी खोऱ्यातील गावे किंवा मढे घाटाजवळचे केळद येथून पावसाळ्यात पुण्याला जाणे हे नकाशावर दिसते तितके जवळचे नाही. आधी तालुक्याचे गाव, मग पुणे-सातारा महामार्ग, तेथून शहर. भोर व वेल्हे दोन्ही पुण्यापासून साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर आहेत, आणि वाडीपासून तालुक्यापर्यंतचे अंतर त्यात आणखी मिळवायचे.

भोर येथे उपजिल्हा रुग्णालय व वेल्हे येथे ग्रामीण रुग्णालय आहे. नवजात बाळाची भूल देऊन करावयाची शस्त्रक्रिया पुण्यातच होणे इष्ट. तेथे ससून सर्वोपचार रुग्णालय आहे. हे रुग्णालय १८६७ पासून चालू असून बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. भोर-वेल्ह्याकडून येताना वाटेवरच, धनकवडी-कात्रज परिसरात, भारती विद्यापीठाची वैद्यकीय व दंतवैद्यकीय महाविद्यालये लागतात.

गाठ प्रथम कोणाच्या नजरेस पडते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. बाळंतपण रुग्णालयात झाले असेल तर जन्मतःच तपासणी होते. २०१३ पासून देशभर राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात प्रसूतीच्या ठिकाणी प्रत्येक बाळाची जन्मजात व्यंगांसाठी पाहणी अपेक्षित आहे. पुढे आशाताई घरी येतात त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही रीत महाराष्ट्रातच, गडचिरोलीत, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून घडली आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे आली. या भेटीत बाळाचे वजन, ताप, नाळ पाहिली जाते. बाळ रडत असताना उजेडात तोंडात एकदा नजर टाकणे, हे त्यात भर घालण्याजोगे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. टाळूची फटही त्यातच सापडते.

खर्चाच्या बाबतीत, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी अर्भकास शासकीय रुग्णालयात औषधोपचार व रुग्णालयात ने-आण मोफत मिळते. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागविता येते. माता व अर्भकांसाठी १०२ हा क्रमांक आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बालशल्यचिकित्सेचा समावेश असल्याने संलग्न खाजगी रुग्णालयातही चौकशी करता येते; त्यासाठी शिधापत्रिका जवळ असावी. प्रवासात बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवावे. डोंगरातल्या थंड हवेत लहान बाळाचे अंग निवायला वेळ लागत नाही.

समजुती

ग्रहणात गरोदर स्त्रीने काही चिरले, कापले किंवा शिवले म्हणून बाळाला व्यंग आले, ही समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. ती बहुतेक वेळा दुभंगलेल्या ओठाविषयी सांगतात, पण ओठाजवळच्या कोणत्याही वैगुण्याला लागू करतात. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत कोठले ना कोठले ग्रहण गाठायला फार शोधावे लागत नाही, त्यामुळे दोष देण्यास निमित्त मिळतेच. एपुलिसचा आईच्या खाण्यापिण्याशी, कामाशी वा वागण्याशी संबंध असल्याचे कोठेही आढळलेले नाही. ही गोष्ट बाळंतिणीला तर सांगावीच, पण तिच्यापेक्षाही तिच्या सासूला व नवऱ्याला समोर बसवून डॉक्टरांनी सांगितलेली अधिक उपयोगी पडते. मुलगीच झाली आणि तीही तोंडात गोळा घेऊन, अशा घरात उपचाराला नेण्याची चालढकल होऊ शकते. हा विकार मुलींनाच अधिक होतो, हे लक्षात घेता ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

पुढील काळ

शस्त्रक्रियेची जखम एक-दोन आठवड्यांत भरते. हिरडीवर त्या जागी किंचित खाच वा उंचवटा काही महिने राहू शकतो. दुधाचे दात सहसा वेळेवर व जागच्या जागी येतात. क्वचित त्या ठिकाणचा एखादा दात उशिरा येतो किंवा छोटा असतो. म्हणून बाळ सहा-सात महिन्यांचे होऊन दात येऊ लागतील तेव्हा, आणि पुन्हा साधारण सहाव्या-सातव्या वर्षी कायमचे पुढचे दात येताना, दंतवैद्याला एकदा दाखवितात.